उशीतलं पाणी

जयंतराव शेवड्यांचे पूर्वज शिंद्यांच्या फौजेबरोबर माळव्यात आले, असं त्यांच्या घरी सांगत. पूर्वज शूर असणारच. पण घराण्यातला सगळा शूरपणा त्यांनीच वापरून संपवला असावा, कारण जयंतरावांच्या वाट्याला त्यातला चिमूटभरही आला नव्हता. जयंतराव कशाला भीत, हे विचारण्यापेक्षा कशाला भीत नसत, हे विचारणं सोपं होतं. गॅसच्या शेगडीला भीत. जिन्याच्या शेवटच्या पायरीला भीत. शिंगं असलेल्या आणि नसलेल्या अशा दोन्ही गायींना भीत. उज्जैनला त्यांच्या माधव नगरात केबल आली तेव्हा सगळी गल्ली एका खोलीत क्रिकेट बघायला जमली होती, आणि जयंतराव गच्चीवर उभे राहून ती नवी वायर विजेच्या तारेपासून किती लांबून गेली आहे, ते डोळे बारीक करून बघत होते.

यात त्यांचा दोष थोडाच. नोकरी विम्याच्या कचेरीत, आणि तिथेही टेबल मृत्यूच्या दाव्यांचं. माणूस कशाकशाने जातो याची कल्पना तुम्हाआम्हाला नसते, म्हणून आपण सुखाने जेवतो. जयंतरावांना ती रोज साडेदहा ते साडेपाच मिळत असे. एक जण कैऱ्या उतरवताना गेला, एक मेव्हण्याच्या वरातीत नाचताना, एक तर स्वतःच्या खाटेवरून पडून. कागदावर सही करून जयंतराव घरी येत आणि आधी खाटेचे पाय हलवून बघत.

त्यांच्या पत्नी मंगलाबाई मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत. त्या पालीला झाडूने नाही, हाताने बाहेर काढत. अशा या बाईला आदल्या पावसाळ्यात कावीळ झाली. चांगली जबरी झाली. डोळे हळदीसारखे, अंगात त्राण नाही. जयंतराव उशाशी बसून राहत आणि नको ते कागद त्यांना डोळ्यांसमोर दिसत. त्यातून मंगलाबाई उठल्या. डॉक्टर म्हणाले, आता वर्षभर पाणी उकळूनच प्यायचं, दुसऱ्यांदा झाली तर अवघड जाईल. ‘अवघड’ हा शब्द जयंतरावांनी घरी आणला आणि त्याला जिवापाड सांभाळलं. घरात पाणी एकदा उकळे, गार होई, आणि मग शंका येऊन पुन्हा उकळे.

आणि इकडे मंगलाबाईंनी अंथरुणावर पडल्या पडल्या नवस बोलून ठेवला होता. बरी झाले तर पंचक्रोशी पायी करीन.

उज्जैनची पंचक्रोशी वैशाखात. पाच दिवस शहराभोवतीच्या शिवस्थानांना चालत फेरी घालायची, दुपारी-रात्री पडावावर उघड्यावर पथारी टाकायची. माळव्यातल्या खेड्याखेड्यांतून हजारो माणसं डोक्यावर गाठोडी घेऊन येतात.

“वैशाखात?” जयंतराव म्हणाले.

“पंचक्रोशी वैशाखातच असते. माझ्यासाठी थंडीत नाही घेणार.”

“आणि पाणी?”

“पाण्याला काय कमी? जागोजाग प्याऊ असतात. लोक लोटे भरून रस्त्यात उभे राहतात. नाही म्हटलं तर रागावतात.”

उन्हाची भीती होतीच. तिच्या शेजारी आता त्या हजारो अनोळखी लोट्यांची भीती येऊन बसली. मंगलाबाईंना अडवणं शक्य नव्हतं, ते आजवर कुणाला जमलं नव्हतं. तेव्हा जयंतरावांनी एकच गोष्ट केली. त्यांनी मंगलाबाईंना आपल्या गळ्याची शपथ घातली.

शपथही दाव्यांच्या टेबलावरची. तिला एकही भोक ठेवलं नाही. “प्याऊचं पाणी नाही, विहिरीचं नाही, हातपंपाचं नाही. सरबत नाही, लस्सी नाही, बर्फ तर नाहीच. चहा नाही.”

“चहा उकळतात हो.”

“कप कशात विसळतात? ते उकळतात? टरबूज नाही, काकडी नाही. वर पाणी शिंपडतात.”

“श्वास घेऊ ना?”

“मंगला, मी गंमत करत नाहीये.”

मंगलाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “बरं. तुमच्या गळ्याची शपथ. आपल्या घरच्या उकळलेल्या पाण्याशिवाय थेंब नाही. झालं?”

आपल्याकडे शपथ घालणं सोपं असतं. पोरं पेरूच्या फोडीवरून दिवसात दहा घालतात. पण एकदा घातली की जो घालतो त्यानेच ‘सुटली’ म्हणावं लागतं. त्याच्या तोंडून तो शब्द आला नाही तर ती ज्याच्या गळ्याची असेल त्याच्या मानेवर बसून राहते. पोरं मोठी झाली की हे विसरतात. मंगलाबाई विसरल्या नव्हत्या. पाल, अंधार, शाळेच्या तपासणीला आलेले साहेब यांतल्या कशालाही न भिणारी ही बाई घातलेल्या शपथेला मात्र टरकून होती. म्हणूनच तर जयंतरावांनी ती घातली.

आता प्रश्न पाणी न्यायचं कसं, हा. जयंतरावांनी महिनाभर आधी प्रयोग सुरू केले. नव्याने निघालेलं बाटलीतलं पाणी देवास गेटला मिळू लागलं होतं. त्यांनी एक बाटली आणली, तिचं सील भिंगातून पाहिलं, आणि ते पाणी तुळशीलाही न घालता मोरीत ओतलं. रिफाइंड तेलाचा रिकामा डबा घेतला, त्यात कढत पाणी ओतल्यावर तो एका बाजूने फुगला आणि दुसऱ्या बाजूने खचला. ट्रकवाले बाहेर टांगतात ती कॅनव्हासची छागळ आणली. पाणी गार झालं, पण झिरपून अर्धं वाटेत. स्कूटरच्या जुन्या ट्यूबची दोन्ही तोंडं बांधून ती माळेसारखी गळ्यात घालून बघितली. त्या पाण्याला देवास रोडची चव आली.

त्यात आणखी एक पंचाईत म्हणजे उशी. फायलींवर वाकून जयंतरावांची मान गेलेली. उशीशिवाय त्यांना झोप नाही, आणि पाच दिवस कापसाची उशी कोण वाहणार? स्टेशनवरची फुगवायची उशी आणली ती पहिल्याच दुपारी ‘फुस्स’ करून झोपली, जयंतराव जागे राहिले.

एका संध्याकाळी त्यांची कंबर धरली म्हणून मंगलाबाईंनी रबराची शेकायची पिशवी गरम पाण्याने भरून त्यांच्या पाठीमागे ठेवली, तर जयंतराव ताडकन उठून बसले.

“चटका बसला?”

“मंगला, ही पिशवी. हिच्यात कढत पाणी ओततात. हिचं बूच फिरकीचं आहे. हिच्यावर मी आत्ता टेकलो होतो. म्हणजे ही उशी आहे.”

“कंबर बरी झाली वाटतं.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी आणखी एक तशीच पिशवी आणली. लिंबाची सालं टाकून दोन्ही उकळल्या, रबराचा वास निम्मा गेला. भैरवगढच्या छापाच्या चादरीचा तुकडा घरात होता, त्याच्या मंगलाबाईंनी लाल-काळ्या बुट्टीच्या दोन खोळी शिवल्या. एकसारख्या. बेत असा ठरला: दर पडावाला तिथल्या चुलीवर पाणी उकळायचं, ते एका पिशवीत भरायचं. ती पिशवी रात्री जयंतरावांच्या डोक्याखाली, म्हणजे उशीही झाली आणि पहाराही झाला. दुसऱ्या पिशवीत तोंडाने हवा भरायची, ती मंगलाबाईंच्या डोक्याखाली. ती हवा रोज सोडून रोज भरायची नाही. फुंकताना जयंतरावांना आपल्या फुफ्फुसाची काळजी वाटत असे. सकाळी पाण्याची पिशवी मंगलाबाईंच्या वळकटीत जाईल, हवेची जयंतरावांच्या. त्यांना कावीळ झालेली नव्हती, त्यामुळे ते प्याऊचं पाणी रुमालातून गाळून, डोळे मिटून दोन घोट घेणार होते.

“शेवडे, तुमच्या मेहनतीत एक रेल्वे लाइन टाकून झाली असती,” शेजारचे भय्यासाहेब म्हणाले. ते रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले. त्यांची पत्नी शोभा मंगलाबाईंची मैत्रीण. चौघं मिळून निघाले.

पंचक्रोशीला निघताना आधी नागचंद्रेश्वराकडून बळ मागून घेतात. चालण्याचं बळ देवाचं, आपण ते पाच दिवसांपुरतं वापरायचं, आल्यावर परत करायचं. मंगलाबाईंनी हात जोडले आणि अशा चालू लागल्या की बाकीचे तिघं मागे. “आपल्या दोघांचं तिलाच दिलं की काय,” जयंतराव भय्यासाहेबांना म्हणाले. त्यांना हसू आलं नव्हतं.

पहिले पडाव नीट पार पडले. बायका पुढे, पुरुष मागे. भर उन्हात मंगलाबाई वळकटी सोडून पिशवीतलं पाणी पीत आणि लोटेवाल्यांना हात जोडून पुढे जात.

मग करोहनच्या पडावावरची पहाट आली. ऊन चढायच्या आत वाट कापायची म्हणून सगळा पडाव अंधारातच उठला होता. माणसांचे, बैलांचे, भांड्यांचे आवाज, दिवा कुणाकडेच नाही. जयंतरावांनी दोघांच्या वळकट्या बांधल्या. पाण्याची पिशवी रात्री त्यांच्या पथारीत होती, ती तशीच आत ठेवून त्यांनी वळकटी गुंडाळली आणि आठवणीने, अगदी आठवणीने, मंगलाबाईंच्या बाजूला नेऊन ठेवली. तिची आपल्या बाजूला आणली. आणि ते तोंड धुवायला गेले.

मागून मंगलाबाई आल्या. पाणी ह्यांच्या पथारीत असतं हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी ह्यांच्या बाजूची वळकटी उचलली, डोक्यावर घेतली आणि शोभाताईंबरोबर निघून गेल्या. उरलेली जयंतरावांनी परत आल्यावर अंधारातच पाठीला लावली.

दोघांनीही काळजी घेतली होती. संसारात पुष्कळ घोटाळे असेच होतात.

वळकटीत पीठ होतं, डाळ होती, कपडे होते. तरी आज ओझं हलकं लागतंय हे मंगलाबाईंच्या लक्षात आलं. त्यांनी मनातल्या मनात नागचंद्रेश्वराला नमस्कार केला.

जयंतरावांना मात्र आज ओझं जड लागत होतं. त्यांनी ते भीतीवर घातलं. भीती असली की सगळंच जड होतं, हा त्यांचा जुना अनुभव.

ऊन चांगलंच वर आलं तेव्हा ते आणि भय्यासाहेब एका आंब्याखाली टेकले. पाय सोलवटलेले, रस्त्यावरून धुळीचा पडदा वर गेलेला, त्यातून माणसांची रांग चाललेली. जयंतरावांनी वळकटी मानेखाली घेतली आणि डोळे मिटले.

मानेखाली ‘डुबुक’ झालं.

जयंतराव तसेच पडून राहिले. पुन्हा मान हलवली. पुन्हा ‘डुबुक’.

“भय्यासाहेब,” ते वरच्या फांदीकडे बघत अगदी हळू म्हणाले, “उशीत पाणी आहे.”

“असणारच. तुम्हीच भरलंत.”

“माझ्या उशीत पाणी आहे. म्हणजे तिच्या पाण्यात हवा आहे.”

भय्यासाहेबांना हे कळायला जरा वेळ लागला. कळल्यावर ते म्हणाले, “मग काय झालं? वहिनी प्याऊवर पितील.”

“नाही पिणार. माझ्या गळ्याची शपथ आहे.”

“चहा घेतील.”

“चहाची पण आहे.”

“टरबूज?”

जयंतरावांनी मान हलवली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आपल्या कामातल्या नीटनेटकेपणाची भीती वाटली.

ते उठले, वळकटी पाठीला बांधली आणि चालू लागले. चालू लागले म्हणजे काय, ज्या माणसाने बस सुटताना दिसली तरी पाय मुरगळेल म्हणून कधी पळून पाहिलं नव्हतं, तो वैशाखाच्या उन्हात डांबर सोडून कडेच्या मातीतून अर्धवट पळत निघाला. मागून भय्यासाहेब, “शेवडे, हळू. शेवडे, तुम्ही पडाल.”

पहिला प्याऊ लागला. रांजणाशी एक म्हातारी बसली होती. तिने लोटा पुढे केला.

“माँजी, एक बाई आई थी? हरी साड़ी, सिर पे बिस्तर?”

“आई थी. लोटा भरा तो हाथ जोड़ लिए. बोली, कसम है.” म्हातारीने जयंतरावांकडे निरखून पाहिलं. “इत्ती धूप में पानी की कसम. कौन बैरी ने दी, बेटा?”

जयंतरावांनी लोटा मागे सारला. थेंबही घेतला नाही. मंगलाने घेतलं नाही तर आपण कसं घ्यायचं.

दुसऱ्या प्याऊवर एक मिशाळ शेतकरी. “हाँ, निकल गई. होंठ सूख रहे थे. मैंने कहा बहनजी, दो घूँट. नहीं मानी. ऐसी कसम देने वाले को तो, भाईसाब, इसी रस्ते पे नंगे पाँव दौड़ाना चाहिए.”

“हाँ,” जयंतराव म्हणाले आणि पुढे पळाले.

आता त्यांच्या डोक्यात कागद फडफडायला लागले होते. त्यांना सगळे रकाने पाठ. कारण, उष्माघात. ठिकाण, रस्ता. सोबत कोण होतं, कुणी नाही. आणि खाली वारसाचं नाव. हजारो कागदांवर त्यांनी ती जागा तपासली होती, तिथे आज पहिल्यांदा आपलं स्वतःचं नाव दिसलं. त्यांना थंडी वाजली. त्या उन्हात.

पाणी माझ्या पाठीवर आहे, एवढा एकच आधार होता. पिशवीतलं पाणी चालताना ‘डुबुक डुबुक’ करत होतं. थांब, आलोच, असं ते म्हणतंय असं जयंतरावांना वाटत होतं. पुढे मोरीचा छोटा पूल होता, त्याच्या अलीकडे रस्ता खडीचा. तिथे त्यांचा पाय खरोखरच मुरगळला, आणि जयंतराव तोल सांभाळत गरगर फिरून उताणे पडले. वळकटीवर पडले म्हणून पाठ वाचली. त्या पिशवीने त्या दिवशी उशीचं काम चोख केलं. पण बूच उडालं. पाठीखालून ऊन ऊन काहीतरी पसरत गेलं तेव्हा त्यांना वाटलं, रक्त. मग कळलं की रक्त नाही, त्याहून वाईट आहे.

भय्यासाहेबांनी त्यांना उठवून बसवलं. जयंतरावांनी खोळीतून पिशवी काढली, उलटी करून बघितली. खडीवरचं पाणी तोवर दिसेनासंही झालं होतं.

“आता?” भय्यासाहेब म्हणाले.

“आता एकच. मला तिला ‘सुटली’ म्हणायला हवं.”

“वहिनी पोचल्यात किती लांब. तुम्ही या पायाने जाणार कधी आणि म्हणणार कधी?”

आणि मग भय्यासाहेबांना रेल्वेची आठवण झाली. गाडी कितीही लांब असली तरी गार्डाला इंजिनापर्यंत निरोप द्यावाच लागतो. ते पुलाच्या कठड्यावर चढले, तोंडाशी दोन्ही हात धरले, आणि मालगाडीच्या शेवटच्या डब्यातून द्यावा तसा आवाज दिला.

“आगे बोलो भई. मंगला बाई, माधव नगर वाली. पानी पी ले, कसम छूट गई.”

पुढच्या टोळीने मागे वळून पाहिलं. एका बाईने विचारलं, “कंई हुयो?” भय्यासाहेबांनी पुन्हा सांगितलं. तिला ते पटलं. तिने पुढे हाक दिली, पुढच्यांनी त्यांच्या पुढच्यांना. माळव्यातल्या बायका कुठलीही गोष्ट दोनदा म्हटली की तिला चाल लावतात. थोड्या वेळाने धुळीच्या पलीकडून गाण्यासारखं ऐकू येऊ लागलं, ‘पानी पी ले मंगला, कसम छूट गई’. माधव नगर कुठेतरी वाटेतच गळून गेलं होतं.

जयंतराव एका काठीच्या आधाराने लंगडत निघाले. रस्त्याच्या कडेला जागोजाग बायका पाणी पिताना दिसू लागल्या. एक ठुसकी आजीबाई ओंजळीने पाणी पीत होती, ती त्यांना म्हणाली, “म्हारो नाम भी मंगला है. हमारे वाले ने तो कभी कसम दी नहीं. पर छूट गई तो अच्छा ही है.” त्या दिवशी पंचक्रोशीत जितक्या मंगला होत्या त्या सगळ्या पाणी प्यायल्या असाव्यात. एकीबद्दल मात्र जयंतरावांना खात्री वाटत नव्हती. तिला ते ओळखून होते. हजार तोंडांनी सांगितलं तरी ज्या तोंडाने घातली ते त्यात नव्हतं.

पुढच्या प्याऊवर शोभाताई बादलीत पाय सोडून बसलेल्या. एकट्या.

“मंगला?” जयंतरावांना पुढचं विचारवेना.

“पुढे गेली हो भावजी. सकाळपासून पाणी राखून ठेवलं होतं तिने. इथे आम्ही बसलो, तिने पिशवी काढली, बूच फिरवलं, तर आतून नुसती हवा. मला हसूच आलं. ती नाही हसली.” शोभाताईंनी पाय बादलीतून बाहेर काढले. “मी म्हटलं, पी इथलं, काही होत नाही. तर म्हणाली, पाणी ह्यांच्याकडे असणार, येतीलच. थांबली थोडी. मग म्हणाली, बसलं की जास्त तहान लागते, त्या झाडापर्यंत जाते. तिचे हात थरथरत होते. माझे पाय बघा, मला उठवेना. पाणी आणलंत ना?”

जयंतरावांनी रिकामी पिशवी दाखवली आणि ते चालू लागले. मागून भय्यासाहेब बायकोजवळ थांबले असावेत; जयंतरावांनी वळून पाहिलं नाही.

रस्त्याचं ते शेवटचं टोक त्यांना पुढे कधी आठवलं नाही. एवढंच आठवे की घसा लाकडासारखा झाला होता, आणि ते मनातल्या मनात ‘सुटली, सुटली’ म्हणत होते, कारण मनातल्या म्हणण्याचाही काही उपयोग होत असेल तर तो सोडायला नको. मग लांब एक कडुनिंब दिसला. त्याच्याखाली माणसांचं कोंडाळं होतं.

कोंडाळ्याच्या मध्ये काय असतं हे जयंतरावांना चांगलं ठाऊक होतं. त्यांच्या टेबलावर येणाऱ्या पोलिसांच्या कागदांत सुरुवात बहुधा तिथूनच होई. त्यांचे पाय थांबले. तिथेच, उन्हात. पुढे गेलं तर कळेल आणि इथेच उभं राहिलं तर काही वेळ तरी कळणार नाही, असा एक भेकड विचार त्यांच्या मनात आला, आणि त्यांनी काठी टाकून दिली आणि ते त्या गर्दीत घुसले.

मंगलाबाई बुंध्याला टेकून बसल्या होत्या. चेहरा राखेसारखा, ओठ पांढरे, डोळे अर्धे मिटलेले. एक खेडूत बाई त्यांच्यासमोर लोटा धरून बसली होती आणि रागाने रडत होती.

“पी ले नी बाई. पूरी सड़क बोल रही है छूट गई. अब कौन सी कसम.”

मंगलाबाईंची मान हळूच आडवी हलली.

जयंतराव त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसले. तोंड उघडलं. शब्द आला नाही. पहाटेपासून त्यांनीही थेंब घेतला नव्हता. जीभ टाळूला चिकटली होती. आयुष्यभर ज्याची भीती बाळगली ते सगळं एका बाजूला आणि हे एका बाजूला. शब्द समोर आहे, माणूस समोर आहे, आणि आवाज नाही.

मंगलाबाईंनी डोळे उघडले. त्यांच्या बाहीवरची माती बघितली.

“पडलात?” त्या म्हणाल्या. ते म्हणणं म्हणजे नुसती हवा होती.

जयंतरावांनी मान हलवली.

“लागलं का? बघू.”

त्यांनी पुन्हा तोंड उघडलं, घशातून खरखर झाली. त्यांनी लोट्याकडे बोट दाखवलं, मग तिच्याकडे.

“मला भीती वाटते,” मंगलाबाई म्हणाल्या. एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखा. “ते सगळे म्हणतायत सुटली. पण गळा तुमचा आहे. मी प्यायले आणि तुम्हाला रस्त्यात काही झालं तर? मी मगाचपासून हाच विचार करतेय. तुम्ही का येत नाही अजून.”

पालीला न भिणारी बाई. जयंतरावांना कधी सुचलंच नव्हतं की त्यांच्या घरात भिणारं दुसरंही माणूस असेल, आणि ते त्यांच्यासाठीच भीत असेल.

त्या खेडूत बाईला आता सगळा प्रकार कळला. तिने उठून जयंतरावांचं डोकं मागे केलं आणि लोटा त्यांच्या तोंडात रिकामा केला. गाळणं नाही, रुमाल नाही. निम्मं पाणी सदऱ्यात गेलं, निम्मं घशात. जयंतराव खोकले, आणि त्या खोकल्यातून शब्द बाहेर पडला.

“सुटली.”

मंगलाबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या.

“सुटली, मंगला. गळ्याची सुटली. प्याऊची, विहिरीची, हातपंपाची, सगळी सुटली. चहाची सुटली. टरबुजाची सुटली.” त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते थांबत नव्हते, मागे एखादं कलम राहून गेलं तर काय, ही धास्ती होतीच. “काकडीची पण सुटली. बर्फाची सुटली. आता पी.”

“घूँट-घूँट पिलाना,” ती बाई म्हणाली आणि भरलेला लोटा तिने जयंतरावांच्याच हातात दिला.

लोटा पितळी होता, बाहेरून चेपलेला. पाणी कुठल्या विहिरीचं, कुणी काढलेलं, कशात साठवलेलं, जयंतरावांना काही माहीत नव्हतं. वर कडुनिंबाचं एक फूल पडलं होतं. लोटा कलेल तसं ते काठाकाठाने फिरत होतं. त्यांनी ते बोटाने हलकेच काढून टाकलं आणि लोटा तिच्या ओठांशी नेला.

मंगलाबाईंनी ओठ टेकवण्याआधी क्षणभर त्या बोटाकडे पाहिलं.

“बोट तरी धुतलं होतंत का?” त्या म्हणाल्या, आणि पाणी प्यायला लागल्या.